खोलीची शांतता

मी आवाज धरतो. चित्र दुसरं कोणी घेतं.
म्हणून कोविल्यांच्या त्या तिसऱ्या मजल्यावर
पोचल्या पोचल्या आधी बंद केलं
ते ओल शोषणारं यंत्र,
जे डार्लीनबाई नोव्हेंबर ते एप्रिल
रात्रंदिवस चालू ठेवतात.
घरघर येते, म्हटलं. माफ करा.
मग फ्रिज.
फ्रिज बंद केला की आमच्यात रीत आहे,
गाडीच्या किल्ल्या आत ठेवायच्या,
म्हणजे निघताना विसर पडत नाही.
ठेवल्या. लोण्याशेजारी,
इन्सुलिनच्या पेनांची चळत होती तिथे.

निर्माती इमोजेन, लंडनहून आलेली,
पडदा सारून म्हणाली, समुद्र कुठेय?
दुरून डोंगर साजरे असतीलही,
हिला ते खिडकीतूनसुद्धा नको होते.
समुद्र अडीच तासांवर, मी म्हटलं.
बघू, म्हणाली, नंतर जोडू.
कार्यक्रमाचं नाव आधीच ठरलेलं: सुटका.

मग वाइनचा ग्लास.
डार्लीनबाई पीत नाहीत.
टोलीडोत एकोणतीस वर्षं शाळेची बस हाकली,
पहाटे साडेचारला उठून.
नुसता धरा हो, इमोजेन म्हणाली.
त्यांनी धरला,
परक्याचं मूल धरावं तसा,
त्याची आई पर्समध्ये काही शोधत असताना.

देश का सोडलात?
विम्याचा हप्ता, त्या म्हणाल्या.
इथल्या भाड्याहून जास्त होता.
आणखी काही? राग? भीती? एखादं स्वप्न?
त्यांनी खरंच आठवून पाहिलं.
नाही, म्हणाल्या. आकडाच होता.

हे कापलं गेलं.
बँकेने पासपोर्टचा रंग पाहून
तीनदा नाही म्हटलं, तेही.
सोडलेल्या देशाचे करांचे कागद
दर वसंतात ह्याच टेबलावर भरतात, तेही.
आणि ती पहाटेची रांग, परवान्यासाठी,
जिथे फुंदांवच्या चेरीबागेतल्या दिलकुमारने
स्वतःचं घडीचं स्टूल दिलं त्यांना
आणि दाखवलं, कुठला फॉर्म खोटा पडतो.
वर्तमानपत्रात ह्या परदेशस्थ, तो स्थलांतरित.
खिडकीमागच्या कारकुनाला
दोघंही जेवणाच्या सुट्टीआधी संपवायचे होते.

शेजारच्या इदालीना काकूंना विचारायचं राहिलं.
त्यांचं भाडं दोन वर्षांत दीडपट झालंय.
तुझ्यासारखे आले म्हणून, असं तोंडावर म्हणाल्या एकदा,
आणि संध्याकाळी कोबीचं सूप पाठवलं.
भांडं दुसऱ्याच दिवशी परत मागितलं.

माझी ओदेत मावशी इथूनच नेवार्कला गेली,
लोकरीची गिरणी बंद पडली त्या वर्षी.
चौतीस वर्षं रात्री दुसऱ्यांच्या कचेऱ्या पुसल्या.
तिच्याकडे कोणी कॅमेरा घेऊन गेलं नाही.
फोटो तिनेच पाठवला:
निळ्या लांबलचक गाडीला टेकून, ऐटीत.
तो फोटो पाहून आमच्या गल्लीतले चौघे गेले.
गाडी घरमालकाची होती,
हे आम्हाला तिच्या मयताला कळलं.

शेवटी मी एक मिनिट मागतो.
बोलायचं नाही, हलायचं नाही.
खोलीची शांतता लागते,
जोडकामातली भोकं बुजवायला.
सगळे उभे राहिलो, दुखवट्याला राहावं तसे.
कानांत नळाची टपटप,
भिंतीपलीकडे काकूंचा रेडिओ,
डार्लीनबाईंचा श्वास, जरा घरघरता.
चाळिसाव्या सेकंदाला त्या खुदकन हसल्या.
का, कोण जाणे.
पुन्हा घ्यायला हवं होतं. मी घेतलं नाही.

किल्ल्या बर्फगार निघाल्या. फ्रिज सुरू केला.
त्या यंत्रात मात्र किल्ल्या ठेवायला जागा नसते.
कास्तेलू ब्रांकू मागे पडल्यावर आठवलं,
गाडी कडेला घेऊन फोन लावला.
अहो, त्या म्हणाल्या, तुम्ही जिना उतरत होतात
तेव्हाच लावलं मी. दिवसाला दीड लिटर पाणी निघतं,
भिंतींतून. कुंड्यांना घालते.
मग बोलायला काही उरलं नाही,
पण त्यांनी फोन ठेवला नाही, मीही नाही.
ऐकत राहिलो
ती घरघर.