इथं काहीच नाही

तीन गावं बघायची होती. वही घेऊन निघालो.
पहिल्या ठिकाणी हॉल मोठा,
पण भिंतीला लागून साखर कारखान्याचा भोंगा.
दुसरीकडं तळं, झोके, प्लास्टिकचा जिराफ,
आणि मालक म्हणाला, डीजे आमच्याकडूनच घ्यावा लागंल.
दोन्ही नावं खोडली.

वैरागला उतरलो, दुपारचे दोन.
एसटी गेली तरी तिचा आवाज
ऐकू येत राहिला फाट्यापर्यंत,
फाट्याच्या पुढंही.
तिथंच वाटलं, हेच असावं.

मुलाणींची रोपवाटिका गावाबाहेर.
शेडमध्ये रिकामे ट्रे, ओल्या कोकोपीटचा वास.
सतरंज्या आहेत. संडास तीन,
त्यातला एक खुर्चीचा, गुडघ्यांसाठी मी मुद्दाम विचारलं.
मुलाणी ओशाळून म्हणाले,
"पावणं, खरं सांगतो, इथं बघायला काहीच नाही.
ना किल्ला ना धबधबा. आठला गाव झोपतंय."
मी लिहिलं: काहीच नाही.
खाली रेघ ओढली, जाड.

"माणसं कोण? योगावाली?"
यंत्रमागवाली, म्हणालो. चाळीस जण, सगळे रिटायर.
चादरी, टॉवेल. खडखडाटात कुणाची तीस वर्षं,
कुणाची एक्केचाळीस.
डॉक्टर म्हणतात, कानांना विश्रांती द्या.
कान काय गुडघा आहे, पट्टा बांधून बसायला?
मुलाणींनी मान हलवली.
"मग शांतता किती लागंल?"
मटण किती लागेल विचारावं, तसं.
दोन दिवसांची, म्हणालो. शनिवार-रविवार.

जानेवारीत आलो. हुलग्याचं माडगं झालं,
नऊला दिवे गेले,
आणि कुणालाच झोप येईना.
येमूल काका दचकून उठले, कुजबुजले
(त्यांची कुजबूज चार खोल्या ऐकतात)
"अरे माग बंद पडलाय, कुणी बघतंय का?"

राजमणी गाजूल अंगणात बसून होती.
म्हणाली, डाव्या कानात शिट्टी वाजते.
घरी टीव्ही असतो, पंखा असतो, नातवंडं,
त्यांच्याआड लपते ती.
"तू शोधून शोधून जागा काढलीस,
आणि हिलाच मोकळं रान दिलंस."
मी वही उघडली. पाणी, संडास, भाडं, एसटीची वेळ.
शिट्टीचा रकाना नव्हता.

सकाळी ज्वारीच्या बांधावर
चिलवेरी या टोकाला, दासरी त्या टोकाला.
चिलवेरीनं दोन बोटं उचलून मनगट फिरवलं:
कांडी संपली.
दासरीनं कपाळाला हात लावला: जॉबर येतोय!
आणि सगळे हसले,
जॉबर जाऊन बारा वर्षं झाली होती.
मग एकेकाचे हात सुटले.
ओठ हलायचे, आवाज नाही,
चहा, पगार, पोरगी पास झाली,
तुझी बायको गेली तेव्हा मी येऊ शकलो नाही.
हे शेवटचं कुणी कुणाला म्हटलं
ते मी पाहिलं, पण सांगणार नाही.

मुलाणींचा नातू शेडच्या दारात.
"आज्जा, ही माणसं मुकी हायत का?"
"गप," मुलाणी म्हणाले. "सगळी एकदमच बोलाय लागल्यात."

निघताना हिशोब झाला. बाराशे परत दिले त्यांनी,
म्हणे, दिवे गेले होते त्याचे.
राजमणी एसटीच्या खिडकीत बसली,
कानाला हात लावला,
मग तळहात हवेत सपाट धरून हळू हलवला.
मागावर याचा अर्थ होतो,
चालतंय, सोड, हात लावू नको.