छपरावरचा बर्फ कुठल्या बाजूला पडतो

लॉरेन कुसिस्टो घरं विकते. तिच्याकडे मुहूर्त असतात.
मेचा शेवटचा आठवडा, ती म्हणते,
लायलॅक फुललेला, शनिवार, सकाळचे अकरा,
ऊन बरोबर स्वयंपाकघराच्या फरशीवर,
ओव्हनमध्ये दालचिनीचा पाव.
पाव खायला नाही. नुसता वास.

मी मान डोलावली.
कॅल्युमेटमध्ये मेच्या शेवटी
माझ्या तळघरात घोटाभर पाणी असतं,
पंप रात्रभर खाकरत बसतो म्हाताऱ्यासारखा.
लॉरेनच्या फोटोत तळघर येत नाही.

मग जुलै. म्हटलं, लेक येऊन जाऊ दे.
आली, नऊ दिवस राहिली,
चौकटीवरच्या पेन्सिलच्या रेघांना पाठ लावून उभी राहिली,
सर्वांत वरच्या रेघेपेक्षा बोटभर उंच निघाली.
ही चौकट काढून नेता येईल का गं, म्हणाली.
आणि डेट्रॉइटला गेली परत. चौकट इथेच आहे.

सप्टेंबरात लाकडाचा ट्रक आला.
मीच बोलावला होता, हाताच्या सवयीने,
आर्वो बोलवायचा त्याच तारखेला.
तीन आठवडे रचत होते मेपलचे ओंडके,
साल वर, चिरलेली बाजू खाली,
सौनाच्या भिंतीपासून वीतभर सोडून, वारा खेळायला.
इतकं निगुतीनं रचलेलं कुणी परक्याच्या हवाली करतं?
लाकडाचे वेगळे पैसे लावू, लॉरेन म्हणाली.
त्या दिवशी मी तिला कॉफी विचारली नाही.

नोव्हेंबरात बाजार झोपतो म्हणे.
झोपू दे.
सरोवरावरून वारा येतो तेव्हा
वरच्या मजल्यावर एक खिळा बोलतो.
कुठला, ते आर्वोलाही सापडलं नाही.

जानेवारीच्या तिसऱ्या मंगळवारी
एक गाडी माझ्या दारासमोरच्या चरात घसरली.
मुलगी हॅनकॉकच्या इस्पितळातून रात्रपाळी करून निघालेली,
मेरिबेथ, पायात दोन वेगवेगळे मोजे.
गाडी ओढणारा दोन तासांनी येणार होता.
तिने माझं सूप प्यायलं, स्टोव्हकडे पाठ करून उभी राहिली
आणि खिडकीतून वर बघत विचारलं,
छपरावरचा बर्फ कुठल्या बाजूला पडतो?

एक्केचाळीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.
आम्हीही नव्हतं विचारलं घेताना.
घेतलं होतं मेमध्ये, लायलॅक बघून,
आणि पहिल्याच डिसेंबरात आमची नवी गाडी
छपराखाली चेपून बसली, टोपीवर कुणी बसावं तशी.
आर्वो हसत होता. मी नाही.

मग मी तिला सगळं सांगितलं, न विचारता:
पूर्वेला पडतो, तिथे काही ठेवायचं नाही.
शून्याखाली वीस गेलं की मोरीचा नळ
थेंबथेंब सोडून झोपायचं.
मागचं दार फेब्रुवारीत फुगतं, खांद्याने उघडतं.
तळघराचा पंप. तो खिळा.
मुलगी वयात आल्यावर एखादी आई
स्थळाला सांगणार नाही इतकं सांगितलं.

घर विकायचंय का, म्हणाली.
मेमध्ये, म्हणाले.
खिडक्या अर्ध्या बर्फात होत्या,
घरात दालचिनी नव्हती, ओल्या लोकरीचा वास होता.
याहून वाईट हे कधीच दिसत नाही, मी म्हणाले.
मग मी आणखी कधी बघायचं, ती म्हणाली.

लॉरेनच्या हिशेबाने मेपर्यंत थांबलं
तर बारा हजार जास्त येतात.
बारा हजार म्हणजे किती, मला कळतं.
अर्धं छप्पर होतं त्यात.

गाडीपर्यंतची वाट बुजली होती.
फावडं एकच.
आधी तिने काढला बर्फ, मग मी, मग पुन्हा तिने,
बर्फ पश्चिमेला टाकत,
मी सांगितलं नव्हतं तरी.
लॉरेनला अजून फोन केलेला नाही.