तीन पदरी

कुर्ल्याला सीएसटी रोडवर मुश्ताकने
काउंटरवर कापडाचे तीन तुकडे टाकले
आणि माझ्याच बाटलीतलं पाणी त्यांवर ओतलं.
पहिला लगेच गळला.
दुसऱ्यावर तळं साचून राहिलं.
"हे तर मुळीच घेऊ नका. पाणी आत येत नाही,
पण वाफही बाहेर जात नाही.
गाडी आतल्या आत घामेजते, आणि गंज धरतो तो घामानेच."
तिसरं तीन पदरी, मऊ अस्तराचं,
आरशांसाठी दोन कान,
पोटाखालून आवळायला बक्कल.
बावीसशे सांगितले, अठराशेला दिलं.

छप्पन्नाव्या वर्षी लायसन्स मिळालेली मी.
माझी सेकंडहँड राखाडी गाडी
माहीमच्या गल्लीत, बदामाखाली.
वर रात्रभर वटवाघळं जेवतात
आणि खरकटं खाली टाकतात.
समोर टॉवर उठतोय, त्याचं सिमेंट.
मागे समुद्र, त्याचं मीठ.

तिसऱ्या मजल्यावरून कारखानीस ओरडतात,
"चालवता कमी, नेसवता जास्त!"
खरंच आहे.
इंजिन निवेपर्यंत मी डिकीला टेकून उभी राहते.
आधी धूळ उचलते,
कारण धुळीवर ओढलं तर कव्हरच कानस होतं.
मग मागून पुढे, कान, बक्कल.
काढताना दोन्ही बाजू टपावर घ्यायच्या,
पुढून गुंडाळत मागे जायचं,
म्हणजे दुसऱ्या दिवशी मागचं टोक आपोआप हाती येतं.
चौतीस वर्षं बँकेत काढली,
इतकं नीट काहीच मिटलं नव्हतं.

ऑगस्टमधल्या एका रात्री ते चोरीला गेलं.
सकाळी गाडी उभी,
आंघोळ करताना कुणी दार उघडावं तशी.
गाड्या धुणारा बिंदेश्वर बादली खाली ठेवून
बराच वेळ काही बोलला नाही.

अकराव्या दिवशी दिसलं.
रेतीबंदरच्या वाटेवर, बांबूंवर ताणलेलं.
माझ्या गाडीचं नाक अजून त्याला होतं.
डाव्या कानात दोन टूथब्रश,
एक लहान.
बक्कल दगडाला बांधलेलं.

मी भांडायला गेले होते.
वाक्य चांगलं घोटून नेलं होतं.
पण आतली बाई पातेलं ठेवत होती
अगदी नेमक्या जागी,
मधल्या शिवणीखाली, जरा डावीकडे.
तिथेच गळतं.
मला ठाऊक होतं.
टपावरचा बोटभर ओला डाग मी जूनपासून पुसत होते.
शिवणीची टेपही आणली होती,
लावायची तेवढी राहिली.

संध्याकाळी टेप नेऊन दिली.
म्हटलं, बाहेरून लाव, ऊन पडलं की, कोरडं करून.
आणि ओलं असताना घडी घालू नकोस,
वास धरतं.

"तुम्हाला काय माहीत?" तिने विचारलं.

म्हटलं,
माझ्याकडेही असंच एक होतं.