स्वल्पविराम

एकतीस वर्षं कोर्टात मी लोकांचं बोलणं टंकत बसले.
चोरांचं, सवतीसारख्या भांडणाऱ्या भावांचं,
एकदा एका पोस्टमनचं,
ज्यानं पत्रं वाटलीच नाहीत, घरी नेऊन वाचली.
निवृत्त झाले तेव्हा ठरवलं,
आता या बोटांत दुसऱ्याचा शब्द नको.
मग विद्यापीठाचं पत्र आलं:
लेखनिक हवी, परीक्षेपुरती. अक्षर सुवाच्य असावं.

तार्तूत जानेवारीत सकाळचे आठ म्हणजे रात्रच.
भूगर्भशास्त्राच्या इमारतीला उतार केलेला आहे,
नकाशात त्याला निळी खूण आहे,
पण बर्फाला नकाशा वाचता येत नाही.
काल्यू पहाटे फावडं घेऊन येतो,
वर वाळू पसरतो, मूठ मूठ, कोंबड्यांना दाणे टाकावेत तशी.
त्याचं नाव कुठल्याच अर्जावर नाही.

मारेट आली. चाकांना वाळू चिकटलेली.
"मी ह… हळू बोलते."
"मी हळूच लिहिते," मी म्हटलं.
धडधडीत खोटं. माझा वेग सगळ्या कोर्टाला माहीत होता.

नियमांचा कागद मी दोनदा वाचला.
ती सांगेल तेवढंच लिहायचं. चुकलं तर चुकलेलं.
विरामचिन्हंसुद्धा तिनंच सांगायची.
म्हणून ती दर ओळीत म्हणायची, स्वल्पविराम,
आणि तेवढ्यात श्वास घ्यायची.
तासाला पंधरा मिनिटं जादा. तीन तासांना पाऊण तास.
बाहेर कुणीतरी म्हणालं होतं, मजा आहे बुवा.
त्या पाऊण तासात काय झालं ते सांगते:
एक हात आखडला, तो मांडीवर धरून ठेवावा लागला.
पाणी प्यायला चार मिनिटं.
"अवसादन" या शब्दाला एक अख्खं मिनिट.

चौथ्या प्रश्नाला ती म्हणाली, "ट्रा…"
आणि शब्द तिथंच अडकला, दारात सोफा अडकतो तसा.
जबडा वळला, मान वळली.
मला दया आली. दयेला फार घाई असते.
मी लिहून टाकलं, ट्रायलोबाइट.
तिनं कागदाकडे पाहिलं.
"खोडा."
मग पुन्हा सुरुवातीपासून, न चिडता,
"ट्रा… ट्रायासिक. स्वल्पविराम."

वीस कोटी वर्षांची चूक केली होती मी.

खोडताना पेन थरथरलं, आणि उगाच आठवला तो कोळी,
पेइप्सी सरोवराकडचा, जाळी चोरल्याचा आळ आलेला.
न्यायाधीशांनी विचारलं, तो म्हणाला, "मी… मी…"
आणि ओठ हलत राहिले.
भिंतीवरचं घड्याळ, जेवणाची सुट्टी, माझी भूक.
मी टंकलं: साक्षीदार निरुत्तर.
निरुत्तर नव्हता तो.
उत्तराच्या वाटेवर होता.
त्याला कुणी पाऊण तास दिला नाही,
आणि दिला असता
तर सगळ्यात आधी कुरकुर मीच केली असती.

त्यानंतर मी पेन कागदापासून बोटभर वर धरलं.
ती चुनखडीबद्दल सांगत होती,
कसा उथळ समुद्र होता इथं, आपल्या पायाखाली,
कशी शिंपल्यांची भुकटी बसत गेली थरावर थर,
कुणी घाई न करता.
सहाव्या उत्तरात एक आकडा चुकला.
मला कळला. गेल्या वर्षी याच प्रश्नाला दुसऱ्या मुलानं बरोबर सांगितला होता.
मी चुकीचाच लिहिला, सुवाच्य.

संपलं तेव्हा तिचा मफलर घामानं ओला होता.
दार उघडलं तर उतार पुन्हा पांढरा,
पावणेचार तासांत जणू कुणी तो बांधलाच नव्हता.
दोघी उंबऱ्याशी थांबलो. लांबून फावड्याचा आवाज येत होता.
मारेटनं तोंड उघडलं,
"क…"
काल्यू असेल. कॉफी असेल.
किंवा कँब्रियन, एखादं उत्तर आता आठवलेलं.
थंडीनं माझे दात वाजत होते.
मी काही बोलले नाही,