वगळायच्या जागा

तार्तूमध्ये जानेवारीत साडेतीनलाच अंधारतं.
हेल्वेबाईंनी दार उघडलं तेव्हा दिवा लागलेला होता
आणि टेबलावर काल्योचा जुना संगणक,
धूळ पुसून, पाहुण्यासारखा बसवलेला.

एकतीस वर्षं दोघांनी दलदलीच्या पाण्याची पातळी मोजली.
खांब तिने रोवले, नोंदी त्याने टाइप केल्या.
आता तो नाही, विद्यापीठाला नोंदी हव्यात,
आणि फाइलींची नावं अशी:
नवीन. नवीन दोन. शेवटची. खरंच शेवटची.
बटाटे.
"बटाटे?"
"त्या दिवशी काढले असतील," बाई म्हणाल्या.

पेनड्राइव्हवर मी तीन शोधक नेले होते.
पहिला वाऱ्यासारखा. अक्षर उमटतंय तोवर यादी हजर.
पण वाचतो फक्त नावं,
पाकीट न फोडणाऱ्या पोस्टमनसारखा,
आणि इथे तर पाकिटावर बटाटे.

दुसरा म्हणाला, आतलं सगळं वाचतो.
रात्रभर वाचत बसला. सकाळी बाईंचा फोन:
"झालं एकदाचं. पंख्याने झोपू दिलं नाही मेल्याने."
पाणी शोधलं. वेसी.
चार नोंदी.
एकतीस वर्षांत चार?

मग कपाळावर हात मारला.
आमच्याकडे पाणी एका रूपात राहतं कुठे!
निघताना वेसी, कुणाचं झालं की वे,
घोटभर मागितलं तर वेत्त.
चौदा विभक्त्या ओलांडून जातं ते.
हा बिचारा वाढला असेल अशा भाषेत
जिथे शब्द दगडासारखे जागच्या जागी असतात.

तिसरा दिसायला करडा, फुकटातला,
कुणी दोघांनी फावल्या वेळात लिहिलेला,
बटणं वाकडी, मदतीचं पान अर्ध्यावर सोडलेलं.
पण त्याला विभक्ती कळत होती.
आठ हजार सहाशे बारा, त्याने सांगितलं,
आणि गप्प बसला.

बाई चष्मा चढवून खाली खाली जात राहिल्या.
एका ओळीवर बोट थांबलं.
मार्च सत्त्याण्णव. खांब नऊ. उणे अकरा.
शेरा: हेल्वेने थर्मासात नुसतं गरम पाणी आणलं,
चहापत्ती विसरली. चहा म्हणून प्यालो.

मी खिडकीतून नदीकडे बघत राहिलो.
काही दिसत नव्हतं, तरी.

"हाच ठेव," त्या म्हणाल्या. जरा वेळाने,
"इथे वगळायच्या जागा लिहिलंय, ते काय?"
त्याने कुठे शोधू नये, ते सांगायचं तिथे.
त्यांनी एक फोल्डर दाखवला. नाव: इतर.
"यात नको जाऊ देऊस त्याला."
"मग यातलं काही सापडणार नाही, बाई."
"कुठे आहे ते मला ठाऊक आहे."

पैसे मी घेतले नाहीत,
तेव्हा लाल बेरीच्या मुरंब्याची बरणी हातात आली.
झाकणावर काल्योच्या अक्षरात लिहिलं होतं: काकडी.