काट मारलेली ओळ

मच्छी सोसायटीच्या गोदामात, जाळ्यांच्या वासात
आम्ही बसलो, सहा तलावांची माणसं.
वजनकाटा सरकवून त्या जागी लॅपटॉप ठेवला.
लाइट नव्हती, म्हणून पहिला तास
नुसत्या तोंडानंच चालला.

विषय एवढाच:
आमच्या तलावांचं आजवर कोणी काय मोजलं
ते ठेवायचं कुठं, आणि कोणाच्या हाती.

मोजणी तशी पुष्कळ झालेली.
एक पोरगी दोन पावसाळे राहून गेली,
बोटरीच्या पोटातली अंडी मोजली तिनं,
हेमलता मांढरेच्या घरचा ठेचा खाऊन रडली,
आणि तिचा प्रबंध आता नागपुरात
दुसऱ्या माळ्यावर कुलपात आहे.
खात्याच्या साहेबांनी तलावाची खोली लिहिली चौदा फूट.
एका संस्थेनं लिहिली नऊ.
दोघांनाही दोर आम्हीच धरून दिला होता.

"दोनी लिवा," पटीराम म्हणाला,
"अना कोन्या महिन्यात मोजलं तेबी लिवा.
चैतातला तलाव भादव्यात वळखू येते का?"

इथपर्यंत सोपं होतं.

मग विनेशनं विचारलं
(दोन वर्षं पुण्यात दुसऱ्यांचे आकडे भरून परत आलेला):
उघडं ठेवायचं म्हणजे किती उघडं?
मरळ पिल्लं घेऊन ज्या कोपऱ्यात फिरते
तो कोपराही?
फोन ठेकेदाराकडेही असतो.

गोदामात बराच वेळ कोणी बोललं नाही.
पत्र्यावर एक पाल सरकली.
"बजारात आपन मच्छी दाखवतो," हेमलता म्हणाली,
"डोह दाखवतो का?"
मी लिहून घेतलं: तलावाचं नाव सगळ्यांना,
कोपरा फक्त त्या गावाला.

किल्लीवरून वाजलं.
सचिव म्हणाले, पासवर्ड माझ्याकडे राहू द्या.
यादोराव पाणकर, चाळीस वर्षं ज्यानं
पाळीपाळीनं पाटाला पाणी सोडलं,
तो हसला फक्त. मग म्हणाला,
एकाच्या कमरेला किल्ली असली
की त्याचं वावर आधी भिजते.
ठरलं: तीन गावांकडे तीन तुकडे,
तिघं जमल्याशिवाय दार उघडणार नाही,
गावं दर होळीला बदलायची.
सचिवांनी सही केली, जरा जोरात दाबून.

सगळ्यात मागं भागरता बसली होती,
ओल्या लुगड्याचा पदर पिळत.
"जे साधलं नायी ते कोन लिवनार?
आमी वायव्येच्या काठानं देवधान लावलं, सडलं.
गाद लावली, डुकरायनं उकरली.
हे नायी लिवलं तं दुसऱ्या गावच्या बाया
तेथंच कंबरभर पान्यात उभ्या रायतीन."
असा रकाना विनेशच्या आराखड्यात नव्हता.
त्यानं मान खाली घातली आणि
कागदाच्या कडेला उभी रेघ ओढली.

घाईत मी वायव्येचं नैऋत्य केलं होतं.
रबर घेतला, तशी भागरता,
जिला अक्षर येत नाही, पण हात ओळखता येतो,
म्हणाली, "खोडू नोको. काट मार.
चुकलो कोठं, ते खाली दिसलं पायजे."
इतिवृत्तात ती ओळ तशीच आहे.

रात्री त्या पोरीला फोन लावला.
ती आता कुठंतरी शिकवते. खूश झाली,
मग थबकली: "आकडे आहेत माझ्याकडे,
पण द्यायचे तर विचारू कोणाला?"
मी स्पीकरवर ठेवलं होतं.
पटीरामनं तंबाखू मळायची थांबवली.
आम्हाला तेव्हा कोणी विचारलं होतं, हे
कोणी म्हणालं नाही. तिलाही ते ऐकू आलं असावं.
"तुम्हालाच ना," ती म्हणाली, हळू.

सकाळी लाइट आली. पहिली नोंद भरली:
खोली चौदा. खोली नऊ.
तोवर पटीराम डोंगा घेऊन निघून गेला होता.
परत आला तो मांडीपर्यंत चिखलात, म्हणाला अकरा.
विनेशनं तिसरी ओळ भरली,
पुढं शेरा, पटीरामच्याच शब्दांत:
दोर जुना हाये, ओला झाला का तानते.
उद्या दुसऱ्यानं मोजून पाहावं.